फुक्याचे वैरी गावंडेकाका

गावंडेकाकांसमोर त्या नटाचं नाव घेतलं की ते उठतात, बेसिनपाशी जातात आणि चूळ भरतात. नाव आपण घेतलेलं असतं. चूळ ते भरतात.

मी हे रंगवून सांगत नाहीये. मला रंगवून सांगता येत नाही, मी एका सामाजिक संघटनेची पत्रकं लिहिते. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका लग्नात पंगतीला कुणीतरी त्या नटाचा विषय काढला. काकांनी हातातला बुंदीचा द्रोण खाली ठेवला, मांडवाच्या पार त्या टोकाला असलेल्या पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेले, चूळ भरली, परत आले, मांडी घातली आणि म्हणाले, "हं, काय म्हणून राहिले होते तुम्ही? सांगा. फक्त नाव नका घेऊ, टाकी लय दूर हाय."

म्हणून मीही इथे ते नाव लिहिणार नाही. काका हे वाचणार आहेत, आणि आमच्या बेसात, नागपूरच्या या टोकाला, सध्या नळाला पाणी एक दिवसाआड येतं.

काकांनी त्या नटाला स्वतःकडून एक नाव दिलंय: फुक्या. मारामारीच्या आधी हा हिरो डोळ्यांवरचा गॉगल काढतो, त्यावर हळूच फुंकर मारतो, शर्टाला पुसतो, परत लावतो आणि मग दहा जणांना लोळवतो. या फुंकरीवर अर्ध्या देशाने शिट्ट्या मारल्या. काकांनी मात्र पहिल्याच वेळी आक्षेप नोंदवला, तो आजपर्यंत मागे घेतलेला नाही. "मी काय म्हणतो, सामनेवाले दहा जण तवा काय करून राहिले? याचं गॉगल पुसणं होईपर्यंत रांगेत उभे हायेत? आमच्या प्लांटात कोणी एवढा टाइम घेतला असता तं युनिट ट्रिप होऊन बंद पडलं असतं."

प्लांट म्हणजे खापरखेड्याचं वीज केंद्र. काका मूळचे नरखेडकडचे. भाऊ अजून तिकडे संत्र्याची बाग सांभाळतो आणि हंगामात एसटीच्या टपावरून काकांना पेटी पाठवतो. काका मात्र विशीतच प्लांटच्या कोळसा विभागात लागले, आयुष्यभर भट्टीकडे कोळसा वाहणारा पट्टा चालवला आणि रिटायर झाल्यावर इथे दोन खोल्यांचं घर बांधून आले. एक मुलगी, ती रायपूरला दिलेली. घरात काका आणि काकू. टीव्ही मोठा.

पट्ट्यावर घासलेल्या आयुष्यातून काकांनी सिनेमाचा एक सिद्धांत तयार केला आहे आणि तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. "हिरो म्हंजे बल्ब हाय. लोक बल्बकडे पाह्यतात अन् म्हणतात, वा काय उजेड! अरे पण तिकडे कोळसा कोण टाकून राहिला? त्याचं नाव पाटीवर हाय का?" हे ऐकून मी पहिल्याच दिवशी त्यांना मनातल्या मनात आमच्या संघटनेचं सदस्य करून टाकलं होतं.

त्यांचा आवडता नट म्हणूनच हिरो नाही. तो खलनायकही नाही. खलनायकाच्या मागे जी चार माणसं उभी असतात, त्यातला डावीकडून दुसरा. त्याचं नाव काकांनाही माहीत नाही, ते त्याला 'पडणारा' म्हणतात. फुक्याच्या बहुतेक सगळ्या जुन्या सिनेमांत हा माणूस आहे आणि प्रत्येकात तो कुठून ना कुठून पडतो. जिन्यावरून, गच्चीवरून, काचेच्या खिडकीतून, एकदा तर चालत्या जीपमधून. काका तो प्रसंग आला की हात वर करून सगळ्यांना गप्प करतात. "पाहा आता. पाहा. खांदा आधी टेकवला, मंग पाठ. डोकं वाचवलं. याले म्हणतात कलाकार! मारणाऱ्याचं काय, तो तं हवेत हात हलवते. खरी अ‍ॅक्टिंग पडणारा करते."

पडणारा वारला तेव्हा कुठल्याच पेपरात आलं नाही. काकांना ते बऱ्याच महिन्यांनी, कुणाच्या तरी मोबाइलवर कळलं. त्या दिवशी त्यांनी टीव्ही लावला नाही. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "लाइन गेली." पंखा चालू होता.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. कारण काका फुक्याचे जेवढे वैरी, तेवढ्याच काकू त्याच्या भक्त. त्या नाव घेतात ते आडनावासकट, आणि शेवटी 'जी' लावून. आणि वेळ साधून घेतात. काका चूळ भरून, तोंड पुसून, हाशहुश करत खुर्चीत टेकले, की काकू निवांतपणे पुन्हा एकदा नाव घेतात. मी एका दुपारी चार फेऱ्या मोजल्या आहेत.

हे भांडण लग्नानंतर महिन्याभरात सुरू झालं. प्लांटच्या कॉलनीत गणपतीत मैदानावर कापडी पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. बायका-मुलं आधीच येऊन पडद्यासमोर बसत. ड्यूटी सुटून मागाहून पोचणाऱ्या पुरुषांना समोर जागा उरत नसे, ते पडद्याच्या मागे बसत. कापड पातळ, त्यामुळे मागूनही सगळं दिसे, फक्त उलटं. उजवं ते डावं. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा फुक्याला पाहिलं ते असं, मागून. घरी येताना नव्या नवरीला खूश करावं म्हणून म्हणाले, "बाकी जाऊ दे, पण पोट्टा डावखुरा हाय म्हणून ठोसा बरोबर बसते त्याचा."

"डावखुरा?" काकू म्हणाल्या. "उजव्या हातानं मारते तो."

"म्या डोळ्यानं पाह्यलं."

"मले काय डोळे नाहीत?"

आठ दिवस अबोला. डबा भरून दाराशी ठेवलेला असायचा, काका उचलून चालते व्हायचे. शेवटी पुढच्या सिनेमाला काकूंनी नवऱ्याला मनगटाला धरून पडद्याच्या पुढे आणलं आणि भर बायकांमध्ये बसवलं. काकांनी डोळे फाडून पाहिलं. फुक्याने गॉगल पुसला आणि उजव्या हाताने ठोसा हाणला. सगळ्या बायका काकांकडे बघायला लागल्या.

काका म्हणाले, "हात बदलला त्यानं."

तेव्हापासून हेच चाललंय.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण एक गोष्ट हसण्यासारखी नाही, आणि ती माझ्या कामाची आहे. काका तेव्हा खर्रा खायचे. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो लगदा आमच्या नागपुरात शाळेच्या कुंपणाला लागून विकला जातो आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. मला वाटतं. काकांच्या पट्ट्यावर चार माणसं होती, चौघांच्याही गालात कायम खर्रा. काकूंनी समजावलं, रडून झालं, शपथा घालून झाल्या. मग एका संध्याकाळी त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "त्याचे दात पाह्यले का तुम्ही? कशाले हात लावत नाही म्हणून तसे हायेत. तो हसला तं उजेड पडते. अन् तुम्ही हसले का लोडशेडिंग."

वीज केंद्रातल्या माणसाला हे बोलणं! काका ती रात्र जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेल्या गेल्या खिशातल्या सगळ्या पन्न्या त्यांनी चालत्या पट्ट्यावर, कोळशाच्या ढिगात फेकल्या. "गेल्या भट्टीत. एक बल्ब तं पेटलाच असंल त्यावर." परत कधी हात लावला नाही. त्या चौघांपैकी दोघांची तोंडं आज दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाहीत. काका कडक भाकर खातात.

"म्हणजे फुक्यामुळे वाचलात," असं मी एकदा म्हणून बसले. काकांनी मला चहा न पाजता घरी पाठवलं.

काकूंचे डोळे गेले त्याला आता चारेक वर्षं होतील. शुगर. आधी एक, मग दुसरा. हळूहळू टीव्हीवरचा उजेड तेवढा कळायचा, मग तोही नाही. मला वाटलं होतं या घरातला सिनेमा आता संपला. उलट वाढला. दुपारी दोनला काका टीव्ही लावतात, काकूंना दिवाणावर लोड देऊन बसवतात, मांडीवर संत्री घेतात आणि सिनेमा सांगायला लागतात. सोललेली एक फोड काकूंच्या हातावर, एक स्वतःच्या तोंडात, आणि मधल्या वेळात धावतं वर्णन.

"आला तुह्या हिरो. जिना उतरून राहिला. हळूऽऽ उतरून राहिला. हळू उतरायचे जास्त पैसे भेटत असतील."

"कपडे?"

"निळा शर्ट. तीन बटणं उघडी. सर्दी होईल मरतुकड्याले."

"अन् ती कुठी हाय?"

"ती खाली उभी. वर पाहून राहिली. काय पाहून राहिली देव जाणे."

"अन् चेहरा कसा दिसून राहिला त्याचा?"

मी त्या दिवशी तिथेच होते. सिनेमा अलीकडचा होता. पडद्यावरचा फुक्या आता साठीच्या पुढचा, हनुवटीखाली दुसरी हनुवटी, केसांना बुटाचं पॉलिश लावल्यासारखा रंग. मी सांगायला तोंड उघडलं. काकांनी त्यात संत्र्याची फोड कोंबली.

"चेहरा काय," ते टीव्हीकडे बघत म्हणाले, "होता तसाच हाय. त्याच्या चेहऱ्याले काय धाड भरली!"

आणखी एक सवय मी तेव्हा पाहिली. मधे जाहिराती सुरू झाल्या की काका वयाला न शोभणाऱ्या चपळाईने रिमोटवर झडप घालतात आणि आवाज बंद करतात. संत्री जमिनीवर गडगडतात, पण आवाज बंद. मग त्या शांततेत ते काहीही सांगत बसतात. समोरच्यांनी गेट रंगवलं. मांजर आली. मांजर गेली. जाहिरातींचा एवढा तिटकारा असलेला माणूस मी पाहिला नव्हता. बाजाराविरुद्ध उभा राहिलेला सामान्य नागरिक, असं एक वाक्यही मी त्यांच्यावर मनात तयार करून ठेवलं.

मी मूर्ख होते.

झालं असं, की फुक्या इलायचीच्या जाहिरातीत आला. पुडीवर इलायची लिहिलेलं असतं, आणि टपरीवर तिच्या शेजारी त्याच नावाची, त्याच रंगाची दुसरी, तंबाखूची पुडी लटकत असते. कोण काय विकतंय हे टपरीवरच्या शेंबड्या पोरालाही कळतं, फक्त कायद्याला कळत नाही. आमच्या संघटनेने मोहीम घेतली आणि पत्रक मी लिहिलं. वर त्या नटाचा पुडी हातात धरून हसणारा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'पडद्यावर गुंडांना मारतो, टपरीवर पोरांना!' हे वाक्य मला अजूनही आवडतं.

पहिली सही कुणाची घ्यायची याचा विचारही करावा लागला नाही. छापखान्यातून गठ्ठा उचलला आणि तडक गावंडेकाकांकडे. काकू दिवाणावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी दारातूनच ओरडले, "काका, पेढे वाटा! फुक्या सापडला!"

"काय झालं त्याले?" काकूंचे हात थांबले. "बिमार हाय का?"

मी पत्रक वाचायला घेतलं. पहिल्या ओळीतला दुसरा शब्द होईपर्यंत काकांनी ते माझ्या हातातून ओढून घेतलं. "काही नाही वं, त्याच्या नव्या पिक्चरचं पोस्टर हाय. या पोट्टीले हर गोष्टीत बोंबलायची सवय." आणि मला दंडाला धरून गच्चीवर नेलं.

गच्चीवर त्यांनी चष्मा लावून पत्रक पूर्ण वाचलं. उन्हात उभं राहून, पालथं करून, मागची बाजूही वाचली.

"बरोबर लिहिलं," ते म्हणाले. "शब्द जास्त झाले थोडे."

"मग करा सही."

"नाही करत."

मला खरंच कळेना. "काका, चाळीस वर्षं तुम्ही याच्या नावाने चुळा भरताय!"

"हाव. अजूनही भरीन."

"मग?"

"तिले माहीत नाही हे. जाहिरात पहिल्यांदा लागली ना, तवा ती अंदर झोपली होती, म्हणून वाचलो. तवापासून मी रिमोट सोडत नाही हातातून."

मग मला राग आला. मला राग लवकर येतो, आणि मला वाटतं तो यायलाच हवा. मी म्हटलं, "मग सांगून टाका! चाळीस वर्षांचं भांडण आहे तुमचं. एका वाक्यात जिंकाल."

"जिंकून काय करू?" काका म्हणाले.

खाली काकू शेंगा सोलत असल्याचा आवाज येत होता, टच, टच. काका कठड्याला टेकले. "डोळे गेले तवा मी डॉक्टरले विचारलं, आता हिले काय दिसंल? तो म्हणे, काका, जे पाहून ठेवलं तेच दिसंल, नवीन काही नाही. म्हंजे पोट्टे, मोजके फोटो हायेत तिच्यापाशी. माह्या हाय एक. पोरीचा हाय. अन् एक त्या गाढवाचा हाय, पांढरे दात काढून हसून राहिला तो. नवीन फोटो तं येणार नाही. मंग हाय त्यातला मी कसा फाडू?"

मी म्हटलं, "पण काका, हे खोटं आहे."

"हाव," ते म्हणाले. "मंग?"

या 'मंग'वर माझ्याकडे पत्रक नव्हतं.

पण मोहीम मोहीम असते. रविवारी सकाळी आमची भोंग्याची गाडी बेसात फिरणार होती, आणि या गल्लीच्या तोंडाशी दोन टपऱ्या, समोर शाळा. गल्ली सोडणं शक्य नव्हतं, आणि सोडावी असं मला वाटतही नव्हतं. मी हे काकांना तोंडावर सांगितलं. नटाचं नाव घेऊन भोंगा वाजणार, हेही सांगितलं.

काकांनी गाडी आणू नका असं एका शब्दाने म्हटलं नाही. "आणजा. जरूर आणजा. त्या टपऱ्यांसमोर दोनदा वाजवजा. फक्त टाइम सांगून ठेव, तेवढा वेळ मी हिले कुठी तरी घेऊन जातो."

कुठे न्यायचं हे त्यांनी काकूंनाच विचारलं, हीच चूक झाली. मंदिर म्हणतील, नणंदेकडे म्हणतील, असा त्यांचा अंदाज. काकू म्हणाल्या, "त्याचा नवीन लागला ना मॉलमधी, तिथं चला." आणि नाव घेतलं, आडनावासकट, शेवटी जी लावून.

काका बेसिनवर गेले. या वेळी जरा जास्त वेळ लागला. आले तेव्हा म्हणाले, "चाल."

मग माझ्याकडे. "पोट्टे, तिकिटं तुह्या मोबाइलवर काढ. माह्या नावावर नको. चाळीस वर्षांत त्याच्या पिक्चरचं एक तिकीट काढलं नाही म्या, कॉलनीत अन् टीव्हीवर फुकटात पाह्यला तेवढाच. आता म्हातारपणी डाग नको."

तीन तिकिटं काढली. थेटरबाहेर पत्रकं वाटते असं सांगून मी गाडीवरून सुटका करून घेतली. खांद्याला गठ्ठ्याची पिशवी, एका बाजूला काकू, त्यांच्या पलीकडे काका, असे आम्ही रविवारी सकाळच्या खेळाला जाऊन बसलो. काकूंनी अबोली रंगाचं पातळ नेसलं होतं आणि पावडर लावली होती. काकांनी ती कानाजवळ राहिलेली स्वतःच्या रुमालाने पुसून सारखी केली.

दिवे गेले. आधी तंबाखूविरोधी सूचना लागली. मी समाधानाने बघत होते. दोन वर्षं मी या विषयावर घसा फोडतेय, आणि या सूचनेच्या पाठोपाठ काय येतं हे जगात कुणाला ठाऊक असायला हवं होतं तर मला. पण नाही सुचलं. काकांनाही नाही. घरात रोज रिमोटवर पहारा देणारा माणूस. थेटरात रिमोट नसतो हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

फुक्याचा चेहरा भिंतीएवढा झाला. हातात पुडी. आणि सगळीकडून, पुढून, मागून, वरून, त्याचा तो भरदार आवाज: ही पुडी एकदा चाखून तर बघा.

काकू सरळ झाल्या. "आला वाटते. चालू झाला पिक्चर?"

काकांचा हात आपसूक हवेत गेला, काहीतरी दाबायला. तिथे काही नव्हतं.

"काय चाखा म्हणून राहिला तो?" काकू म्हणाल्या. "पुडी म्हणे. कायची पुडी?"

पडद्यावर दाणे उडत होते, बायका नाचत होत्या, फुक्या हसत होता. त्याचे दात अजून पांढरेच आहेत, हे मान्य करावं लागेल.

"तो नाही वं हा," काका म्हणाले. घसा खाकरला. "नकल करून राहिला कोणी तरी. आजकाल मशीनवरही काढतात आवाज."

"अगदी तसाच हाय जी पण."

"तसा कुठी?" काका एकदम तिच्याकडे वळले. "काय ऐकून राहिली तू? त्याचा आवाज कसा हाय, घुमते. पोटातून येते. तो बोलला का चार गावं ऐकतात. हा तं डब्यात तोंड घालून बोलून राहिला! त्याची सर येईल का याले? तो असं पुड्या-बिड्यांचं काम करीन का कधी? इज्जतदार माणूस हाय तो."

त्या डावखुऱ्या ठोशानंतर चाळीस वर्षांत काकांनी त्या माणसाबद्दल काढलेला हा पहिला बरा शब्द होता, आणि तो जाहिरात संपेपर्यंत त्यांना काढत राहावा लागला. कपाळावर घाम आला होता.

काकूंनी माझ्याकडे तोंड वळवलं. "पोरी, तुले तं दिसते न. कोण हाय?"

माझ्या मांडीवरच्या पिशवीत तोच चेहरा, तीच पुडी, पाचशे प्रतींमध्ये. मी वर पाहिलं.

"कुणी तरी नवीन मुलगा आहे काकू," मी म्हटलं. "ओळखीचा नाही वाटत."

काकू मागे टेकल्या. "मी म्हणूनच राहिली होती," त्या म्हणाल्या, "असा कसा बोलंल तो."

सिनेमा सुरू झाला. काकांनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगायला लागले. शिव्या नेहमीच्याच, पण जरा थकलेल्या. पुढच्या बाजूचा एक जण दोनदा मागे वळला. तिसऱ्यांदा वळला तेव्हा त्याला काकूंच्या मिटलेल्या पापण्या दिसल्या असाव्यात. तो परत वळला नाही.

इंटरव्हलला काका पॉपकॉर्न आणायला उठले आणि मला डोळ्यांनी खूण केली. बाहेरच्या व्हरांड्यात चार पडद्यांची गर्दी एकत्र झाली होती. काकांनी हात पुढे केला. "पर्च्या दे."

"काय?"

"पर्च्या दे तुह्या. सगळ्या."

मी गठ्ठा काढला. काकांनी तो पोटाशी धरला आणि व्हरांड्याच्या मधोमध उभे राहिले. असं पत्रक वाटप मी आमच्या एकाही कार्यकर्त्याकडून पाहिलेलं नाही. "घ्या! वाचा! फुक्याचे धंदे पाहा! ए भाऊ, पोट्टा तुह्याच हाय ना? मंग दोन घे. मॅडम, थांबा, समोसा नंतर खाजा!" एक जण पत्रकावरचा फोटो बघून हसला. "काका, तुम्ही तं त्याचाच पिक्चर पाहायले आले." "मी नाही आलो," काका म्हणाले, "तिकीट या पोट्टीच्या नावावर हाय." गेटवरचा पहारेकरी त्यांना अडवायला आला. त्याचा एक गाल फुगलेला होता. काकांनी त्या गालाकडे नीट पाहिलं आणि त्याच्या हातात दोन पत्रकं ठेवली. "एक तुले, एक घरी बायकोले दे. ती बोलंल बाकीचं." तो पत्रकं घेऊन तसाच उभा राहिला.

घंटा झाली तेव्हा हातात एकही पत्रक उरलं नव्हतं. काकांनी पॉपकॉर्न घेतलं, नळाखाली तोंड धुतलं, शर्ट नीट केला आणि आम्ही आत गेलो. आत आमच्या रांगेत आम्ही तिघं. पुढच्या चार रांगांत मघाशी मागे वळणारा तो एकटाच. सगळ्या थेटरात मिळून वीसेक डोकी.

"काहून एवढा वेळ लागला?" काकूंनी विचारलं.

"रांग होती वं."

काकूंचा चेहरा उजळला. "असंलच. लोक भल्ले आले असतील न त्याच्यासाठी? हाऊसफुल हाय?"

काकांनी अंधारात एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग पॉपकॉर्नचा डबा शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि काकूंच्या कानाशी वाकले.

"पाय ठेवायले जागा नाही," ते म्हणाले.